मशीनवरचं नाव

२ एप्रिल १९९९
वाचून दाखवायला नको होतं. गाढव मी!
भटू गेल्यापासून त्याचा कॉम्प्युटर चादरीखाली होता. आज धूळ पुसायला उघडला. हात शिवशिवले — फोनची वायर जोडली, मोडेम किंचाळला, त्याच्या मेलचं पान आलं. पासवर्ड विचारलाच नाही. वर ठळक इंग्रजीत — वेलकम, भटू!
मागे आई. "हाई भटूनंच शे ना?" तिला बिचारीला कुठली इंग्रजी अक्षरं! मी जसंच्या तसं वाचलं. ती खुर्चीत बसली ती उठेना.
दिवाळीआधी सोनगीरजवळ ट्रकखाली गेला माझा धाकटा भाऊ. तेव्हापासून घरात त्याचं नाव कोणी काढत नव्हतं. मशीनने काढलं.

५ एप्रिल
रोज तेच. भाकरी उरकल्या की आई म्हणते, "लोटन, लाव." मी लावतो, वाचतो. ती मान हलवते. कंटाळलो. पण मीही त्या ओळीपाशी थांबतोच.

९ एप्रिल
धुळ्याहून आबा आले, अक्षय्य तृतीयेला गेलेल्याच्या नावाने घागर भरतात त्याचं बोलायला. मोठे काका, आवाज तसाच मोठा. "लोटननी माय, पहिली आखाजी शे पोऱ्यानी. घागर भरनी पडी. नही तं त्याले पानी भेटाव नही."
आई शांतपणे म्हणाली, "रोज नाव येस त्यानं. जित्ता पोऱ्याले पितरसमा बसाडू? मी भराव नही."
आबा माझ्यावर उखडले — "तूच हाई येड घाली दिधं तिना डोकामा!" खरंच आहे.

१२ एप्रिल
कय्युमकडे गेलो. कॉम्प्युटर दुरुस्त करतो, भटूचा जिवाभावाचा दोस्त. वाटलं हसेल. नाही हसला. म्हणाला, "लोटनभाऊ, त्याला कुकी म्हणतात. बारीकशी फाइल. भटूने 'लक्षात ठेव'वर टिक केली असणार, म्हणून ते पान त्याला ओळखतं."
काढता येते?
"येते ना. इंटरनेट ऑप्शन्स, सेटिंग्ज, व्ह्यू फाइल्स. पण पासवर्ड मालूम है ना? एक बार निकाल दी, तो भटू का कुछ नहीं खुलेगा, भाऊ."
पासवर्ड! कोणाला विचारू?

१४ एप्रिल
आईने आज ताट वाढून कॉम्प्युटरपुढे ठेवलं.

१६ एप्रिल
केलं.
आई शेजारच्या शेवंताबाईंकडे पापड लाटायला गेली होती. फाइल्स उघडल्या. कुकी, कुकी, कुकी — क्रिकेटची, नोकऱ्यांची, एक कॅनडाची! कॅनडाचं कधी बोलला नाही मला. एकेक वाचत बसलो, उठवेना. शेवटी मेलवाली निवडली. डिलीट. 'नक्की ना?' विचारतो मेला! हो म्हटलं.
पान पुन्हा उघडलं. दोन रिकामे चौकोन. नाव सांगा, पासवर्ड सांगा.
अग्नी मीच दिला होता. आज परत दिल्यासारखं वाटलं. खूप रडलो.

१७ एप्रिल
आईला सांगणार होतो — आता नाव येत नाही, आता तरी घागर भर. सकाळपासून शब्द जुळवले. तिने "लाव" म्हटलं आणि सगळे विसरलो. लावलं.
"वाच."
ती पडद्याकडे टक लावून बघत होती. मी रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं आणि वाचलं — वेलकम, भटू.
"बरं," म्हणाली. उठून चुलीकडे गेली.
उद्या आखाजी. आबा येतील आणि घागर रिकामीच. भावाचं नाव पुसलं ते पुसलं, वर आईशी खोटं बोललो. काय मिळवलं मी?

१८ एप्रिल, आखाजी
उठलो तर घागर भरलेली. वर मातीचा छोटा करा, कऱ्यावर डांगर, म्हणजे खरबूज. आई कुंकवाची बोटं ओढत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यानं नाव वळखता येस माले, लोटन. तेवढंच शिकाडेल व्हतं त्यानी. काल तठे नव्हतं. तू वाचं, म्हनीसन मी आयकी लिधं."