द्वादशीचं श्राद्ध

तांबरम,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

ती. व्यंकटेश अण्णास,

गिरिधरचा नमस्कार. आई बरी आहे, गुडघ्यामुळे जिना उतरत नाही. तुझ्या सहानाची परीक्षा जवळ आली आहे. हे पत्र उद्या तुरुंगातल्या भेटीला वहिनी आणेल. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून पाकीट चिकटवलं नाही. अप्पांनी आपल्या दोघांनाच पाटीवर अक्षरं शिकवली होती.

मंगळवारी माझी साक्ष आहे. तुझ्या वकिलांनी काल तिसऱ्यांदा पाठ करून घेतली. १३ जुलै २०२३, गुरुवार, सकाळी नऊ ते एक, घरी अप्पांचं श्राद्ध, थोरला मुलगा म्हणून तू पाटावर. तुझ्यावर ज्याचा आरोप आहे ते सोन्याचं दुकान त्याच दिवशी अकराला लुटलं गेलं. वकिलांच्या कॅलेंडरात त्या दिवशी आषाढ वद्य एकादशी आहे, अप्पांचीही तीच तिथी. "बाळा, तुझ्या वडिलांनी जायचा दिवससुद्धा बघून निवडला," असं म्हणून ते हसले. मी मान डोलावली. तीनही वेळा डोलावली.

आईला त्यांनी साक्षीतून काढलं. विचारलं, "अम्मा, त्या दिवशी स्वयंपाक काय होता?" आई म्हणाली, "एकादशीला आमच्यात चूल पेटत नाही, सार." त्यांना वाटलं, म्हातारी गोंधळली.

ती गोंधळलेली नाही. आपल्यात एकादशीला श्राद्ध होत नाही, दुसऱ्या दिवशी द्वादशीला होतं. तू आलास शुक्रवारी. गुरुवारी आम्ही उपास करून घरीच होतो, तू नव्हतास. तरी वकिलांनी कॅलेंडर दाखवल्यावर तू हो म्हणालास.

एवढंच लिहून थांबणार होतो. दोन कागद फाडले.

वकिलांनीच मला सांगितलं, की दुकानदाराच्या साक्षीत हेल्मेट घातलेला तिसरा चोर आहे. त्याने काच फोडली, त्याच्या उजव्या हातातून रक्त गळत होतं. शुक्रवारी तुझ्या उजव्या हाताला पट्टी होती. दर्भाचं पवित्र बोटात जाईना. श्राद्ध सांगणाऱ्या आचारांनी विचारलं, "काय झालं रे?"

"काल चटणी करताना मिक्सरचं पातं लागलं."

"एकादशीला चटणी? छान."

"सहानासाठी, आचार. लहान आहे ती."

मी पळीने तुझ्या हातावर पाणी घालत होतो. सहाना बुधवारपासून आमच्याकडे होती. मी पाणी घालत राहिलो.

तो दुकानदार कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारीच बसतो. त्या लुटीत कोयत्याचा उलटा फटका बसल्यापासून त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्याची बायको सगळं उजव्या कानात सांगते. परवा त्याने मला विचारलं, "तुम्ही कोणाचे?" मी म्हणालो, पाणी पिऊन येतो.

अण्णा, मंगळवारी मला उभं केलं तर मी द्वादशी सांगेन. हाताचं विचारलं तर हाताचंही सांगेन. त्याआधी वकिलांना सांगून माझं नाव काढायला लाव, किंवा तूच खरं सांग. काय ठरवलंस ते उद्या वहिनीला तुझ्या तोंडाने सांग. तिला माझ्याकडून कळू नये.

यंदाची तिथी पंचांगात पाहून ठेवली आहे. तू नसलास तर पाणी मी सोडेन. त्या वर्षी तू सोडलेलं पाणी अप्पांना पोचलं का, हे विचारायला आता आचारही हयात नाहीत.

पळी धरणारा तुझा धाकटा,
गिरिधर