बसून मिळवलेले पॉइंट

३ फेब्रुवारी, सोमवार

गेल्या. सरोजकाकूपण गेल्या! चार वर्षं मोहन्याहून घोडबंदरला बाईक मारत आलोय मी यांना ट्रेनिंग द्यायला. महिनाभर 'गावी आहे' सांगत होत्या, आणि आज मेसेज — 'आता नको रे सम्यक. क्लबहाऊसमध्ये तो गेम आलाय ना, तोच करीन.' बास. फोनसुद्धा नाही.

गेम म्हणजे काय, तर डोक्याला डबा बांधायचा, दोन हातांत दोन दांड्या, आणि डब्यात दिसणारे गोळे हवेत फोडत बसायचे. हा म्हणे ट्रेनर. सोसायटीत आणला कोणी? काकूंच्याच पोराने. साकेत. सेक्रेटरी झालाय ना!

६ फेब्रुवारी

अजून दोघं गेले. साकेत गेटवर भेटला. "राग नको धरूस, लोकांना सोपं पडतं." सोपं म्हणे. काकू पहिल्यांदा आलेल्या तेव्हा जमिनीवरून उठता येत नव्हतं त्यांना. नुसता श्वास ऐकून मी सांगायचो, अजून पाच होतील. डब्याला कान आहेत का?

साकेतची वाट लावणार. लिहून ठेवतो.

१४ फेब्रुवारी

आता एकच क्लायंट उरल्यात, आसावरी मॅडम. त्यांचा पाहुणा म्हणून आज डबा लावून बघितला. खोटं कशाला बोलू — घाम आला. मजापण आली. त्यानेच जास्त डोकं फिरलं.

१५ फेब्रुवारी

सापडलं!! डब्याला फक्त डोकं आणि हात कळतात. पाय कळतच नाहीत. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून खेळलो, कालच्यापेक्षा जास्त पॉइंट. मॅडम हसून हसून दमल्या. मी नाही हसलो. २३ला सोसायटीची मीटिंग आहे.

१९ फेब्रुवारी

जेवतानापण साकेतचं तोंड दिसतं. पडलेलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

काम झालं. मॅडमनी मला मीटिंगला नेलं. सगळ्यांसमोर खुर्चीत पायावर पाय टाकून बसलो, डबा लावला आणि यांच्या चॅम्पियनला हरवलं. तो बिचारा उड्या मारत होता. लोक हसून वेडे झाले. मग म्हणालो, "बसल्या बसल्या व्यायामाचं समाधान हवंय त्यांनी खुशाल खेळा. शरीर कमवायचं तर उभं राहावं लागतं." टाळ्या! साकेत उठला, तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि परत बसला. हात वर करून ठरलं — गेमचे सगळे सेट परत पाठवायचे. क्लबहाऊसमधल्या गेमच्या खोलीला तिथल्या तिथे कुलूप.

काकू आल्याच नव्हत्या. कुठल्या तोंडाने येणार? तिघांनी माझा नंबर घेतला. घरी येताना कापूरबावडीला ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलो, तरी गाणी म्हणत होतो.

२४ फेब्रुवारी

काकूंचा फोन. आवाज नेहमीचाच.

जानेवारीत मणक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. कमरेखाली काही कळत नाही. साकेतने गेम त्यांच्यासाठी आणलेला. दुपारी कोणी नसताना तो व्हीलचेअर खाली न्यायचा. घराबाहेर पडायला तेवढंच निमित्त होतं. हातात जरा जोर यायला लागलेला. मीटिंगमध्ये बोलायचं नाही, ही शपथ त्यांनीच त्याला घातलेली.

मला का नाही सांगितलंत, विचारलं.

"तू रडला असतास रे," म्हणाल्या. "मला ते बघवलं नसतं."