बंधाऱ्याच्या फटी

७ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

खरं तर आधी तुझ्या गुडघ्याची चौकशी करायला हवी, पण आज मला धीर नाही. आपला बंधारा वाचणार! पाटबंधारे खात्याचे साहेब महिनाअखेरीस पाहणीला येताहेत. जुना बंधारा खिळखिळा झालाय, तो पाडून काँक्रीटची भिंत घालू, असं त्यांचं जवळजवळ ठरलंच होतं. पणजोबांनी दगडावर दगड रचून उभं केलेलं काम आपल्या डोळ्यांदेखत जाणार होतं. मग गावानंच कंबर कसली. मी शिवणाचं मशीन झाकून ठेवलं आणि घरोघरी हिंडले. गाळ काढला, झुडपं उपटली, आणि दगडांमधल्या सगळ्या फटी सिमेंटनं बुजवून टाकल्या. लोहारकाकांनी थापी अशी फिरवली आहे की बोट लावलं तर घसरेल!

आता पाणी काठोकाठ उभं आहे. एक थेंब वाया जात नाही. तुला मुद्दामच कळवलं नव्हतं. घरच्या गवंड्याला एकदा तरी चकित करायचं होतं. खालच्या वस्तीतली आत्या तेवढी कुरकुरतेय की तिची विहीर खाली गेली. तिचं तुला ठाऊकच आहे, ऊन पडलं तरी तिची तक्रार आणि नाही पडलं तरी.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, या पत्रानंतर तो दुप्पट व्हायला हरकत नाही.

तुझी,
सुई

१४ मार्च

चि. सुईस,
अ. उ. आ. आशीर्वाद देऊन झाले, आता कान पुढे कर.

अगं शहाणे, काय करून बसलात हे! मला चकित करायचं होतं ना? झालो. पत्र वाचून मी ताडकन उठलो, आणि गुडघ्यानं मला तिथेच परत बसवलं. तुझी वहिनी अजून हसतेय.

त्या फटी म्हणजे झीज नव्हे. त्या पणजोबांनी ठेवल्या होत्या. बंधारा पाणी अडवतो, पण थोडं थोडं सोडतही राहतो. ते झिरपलेलं पाणी ओढ्याच्या वाळूखालून सरकत खालच्या वस्तीपर्यंत जातं आणि उन्हाळाभर आत्याची विहीर जिवंत ठेवतं. बाबांनी मला हे तिथेच, गुडघाभर पाण्यात उभं करून समजावलं होतं. तू तेव्हा काठावर बाहुलीचे कपडे शिवत बसली होतीस. आत्या कुरकुरत नाही, खरं तेच सांगतेय.

आणि दुसरं त्याहून वाईट. नुसत्या रचलेल्या दगडांच्या भिंतीला सगळं पाणी अंगावर पेलायची सवय नसते. ती पोट पुढे काढते आणि एक दिवस फुटते. तू या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून बघ. मधला भाग दोऱ्याला पुढे ढकलत असेल, तर साहेबांची वाट बघू नका. वरच्या थरापासून सुरुवात करा, छिन्नीनं हळूहळू, थोड्या थोड्या फटी मोकळ्या करा. घाईनं खालून उघडाल तर ओढा तुम्हालाच घेऊन जाईल.

डॉक्टर मला प्रवास करू देत नाहीत. इथे बसून नुसता जळफळाट होतो बघ. रागावलो आहे, पण माया तसूभरही कमी नाही, हे ध्यानात ठेव.

तुझा,
दादा

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न., आणि यावेळी कान धरून.

तुझं पत्र वाचून मी तशीच खालच्या वस्तीत गेले. आत्यानं मला विहिरीत डोकवायला लावलं. तळाचा खडक दिसत होता रे. पोहरा पोचेना म्हणून तिनं दोराला दुसरा तुकडा जोडला होता, तरी वर येत होता तो चिखलच. उंबऱ्याशी कपड्यांचं गाठोडं बांधलेलं. पाणी नसेल तर आईनं तिथे राहायचं नाही, असं तिच्या मुलानं निक्षून सांगितलंय. तो गाडी घेऊन तिला न्यायला येणार आहे. दोन शेजाऱ्यांनी घरांना कुलपं घातलीच आहेत. आत्यानं मला बसायला पाट दिला. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गावात सांगितलं तर वरची आळी माझ्यावर तुटून पडली. एवढं काठोकाठ पाणी साठलंय, ते का सोडायचं? तुझा भाऊ उंटावरून शेळ्या हाकतोय, असंही ऐकवलं. मी वाद घातला नाही. सगळ्यांना बंधाऱ्यावर नेलं आणि रिळातला लाल दोरा ताणला. मधोमध भिंत दोऱ्याला चांगली वीतभर पुढे ढकलत होती. लोहारकाकांनी आपल्या त्या गुळगुळीत कामावरून एकदा हात फिरवला. मग घरी गेले आणि छिन्न्यांची पिशवी घेऊन आले. पहिला घाव त्यांनीच घातला.

आमचं फोडकाम चालू असतानाच साहेब आले! मी त्यांना सगळं खरं सांगितलं, आमच्या मूर्खपणासकट. तेही बिचारे वाकून वाकून दोरा बघत होते. काम पुरं होऊ दे, पुन्हा येऊन ठरवतो, म्हणाले.

आता फटींतून पाणी पाझरतंय. पण विहिरीत अजून काही नाही, आणि आत्याचा मुलगा येत्या आठवड्यात येतोय. जीव टांगणीला लागलाय. चुकले तरी तुझीच आहे, तेव्हा पदरात घे.

तुझी,
सुई

१४ एप्रिल

चि. गवंड्यास,
आत्याचे अ. उ. आ.

तुझी बहीण रोज येऊन माझ्या विहिरीत डोकावते. एखाद दिवशी आत पडेल, म्हणून मीच लिहायला बसले.

पोरगा गाडी घेऊन आला. मी त्याला म्हटलं, आलास तसा आधी एक बादली काढून दे, मग बघू. तोंड वाकडं करून गेला. वर आली ती गढूळ. दुसरी काढायला लावली, ती बरी. तिसरी आली ती नितळ, ती आम्ही दोघांनी तिथेच उभ्यानं प्यायली. तुझी बहीण पायरीवर बसून हमसाहमशी रडायला लागली. मीही रडले, पण तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

साहेब काल परत येऊन गेले. दोरा पुन्हा ताणून पाहिला, भिंत पुढे सरकायची थांबलीय, म्हणून पाडायचं रद्द झालं. यापुढे दगड हलवायचा तर आधी खालच्या वस्तीला विचारायचं, असं गावानं ठरवलंय. म्हणजे मला विचारायचं. मी सहजासहजी हो म्हणणार नाही.

गुडघा बरा झाला की ये. पोरगा रिकामी गाडी घेऊन परत गेला. दोराला जोडलेला तुकडा आता लागत नाही, तो सोडून मी अंगणात बांधलाय. गाठोड्यातले कपडे धुतले, ते त्यावर वाळताहेत.

आठवण ठेवतोस, तशीच ठेवत राहा.

तुझी,
आत्या