जिन्यावरचे निरोप

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. फोनवर हे काढलं असतं तर तू नेहमीसारखी दोन वाक्यांत माझीच समजूत काढून मोकळी झाली असतीस, म्हणून लिहितोय. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी बसवायची राहिलीय, ती राहू दे.

गेल्या बुधवारी तुझ्या आईचं आणि माझं वाजलं. त्यात नवल ते काय, म्हणशील. पण रागाच्या भरात ती म्हणाली, की माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तरी संध्याकाळी घ्यायला येतो म्हणून तुम्ही आपणहून निरोप धाडला होतात. मी उडालोच. म्हटलं, मी कसला निरोप धाडतोय! घ्यायला या, असं तूच ठमीजवळ सांगितलं होतंस की! मग दोघांच्याही तोंडून एकदमच तुझं नाव निघालं.

मला तो दिवस लख्ख आठवतो. तू आठ वर्षांची होतीस. आमचा अबोला महिना महिना चालायचा. खाली दुकान, वर घर, मधे जिना आणि त्या जिन्यावर तू. बाबांना सांग, आईला सांग, असं आमचं सगळं टपाल तुझ्या डोक्यावर. त्या सकाळी मी तुला सांगितलं होतं, जायचं तर जा म्हणावं, परत आली नाही तरी चालेल. तू अर्ध्या जिन्यात बराच वेळ बसलीस. मला वाटलं, खेळतेयस. आणि तू तिथे बसून आमची बोलणी बदलत होतीस! संध्याकाळी मी ऐटीत गेलो, तिनं बोलावलं म्हणून. ती खुशीत, मी आपणहून आलो म्हणून.

हे कळल्यावर आधी आम्ही पोट धरून हसलो. मग जुने निरोप एकेक करून ताडून पाहिले, तेव्हा हसू आटलं. आई म्हणाली, त्याच वर्षी तुझं पोट दुखायला लागलं होतं. डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणून आम्ही त्याला शाळा बुडवायचे नखरे ठरवलं. तेवढ्या एका बाबतीत आमचं एकमत होतं. लाज वाटते गं, फार लाज वाटते.

अजूनही दर रविवारी तू फोनवर म्हणतेस, आई तुमचं कौतुक करत होती. खरं सांगू? ते ऐकायला बरं वाटायचं, म्हणून मी कधी खोदून विचारलं नाही.

काल तुझी मैत्रीण दुकानात आली होती. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिला बोलतं केलं. लांबच्या गावची ती मोठी नोकरी तू नाकारणार आहेस, आणि मी गेले तर त्या दोघांत बोलणार कोण, असं तिला म्हणालीस. पोटही पुन्हा दुखतंय म्हणे. ठमे, एवढ्यासाठी हे पत्र. तू जा. आम्ही भांडू, कदाचित वेगळेही राहू. आईनं तो विषय काढलाय आणि या खेपेला मी उठून गेलो नाही. आमचं जमलं तर आमच्यामुळे जमेल, मोडलं तर आमच्यामुळे मोडेल. तुझ्यामुळे काही मोडत नव्हतं, तेव्हाही नव्हतं. तुझा होकार त्या लोकांना आजच कळव. आम्हाला मागाहून सांगितलंस तरी चालेल.

तुझाच, उशिरा शहाणा झालेला,
बाबा