मूळ प्रत

३ तारीख, सोमवार
छत्तीस ठिकाणचं पाणी प्यालो, पण असं काम कुठे मिळालं नव्हतं. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, आणि करायचं काय, तर वारलेल्या म्हाताऱ्याचे कागद निवडायचे. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्राची झेरॉक्स माझ्याकडे आहे, मूळ प्रत घरातच कुठेतरी आहे, ती शोध. त्यात घर मावशींना दिलंय. मावशी नात्यानं कुणीच नाहीत, पण वीस वर्षं म्हाताऱ्याचं सगळं त्यांनीच केलं. मला बघून म्हणाल्या, आधी अंघोळ, मग कागदांना हात. खिडकीत एक लंगडी साळुंकी येते, तिच्यातच माझी अर्धी सकाळ गेली.

५ तारीख, बुधवार
सोपी युक्ती काढली. शिक्का असेल तो कागद ठेवायचा, नसेल ती रद्दी. रद्दीवर पाणी तापवलं. मावशी खूश, कितीतरी दिवसांनी कढत पाणी मिळालं म्हणाल्या. दुपारी म्हाताऱ्याच्या आरामखुर्चीत मस्त डुलकी काढली.

८ तारीख, शनिवार
वकीलसाहेबांनी झेरॉक्स दाखवली. आखीव कागद, मुंग्यांसारखं अक्षर, खाली तीन सह्या. शिक्का नाही. मृत्युपत्राला लागतच नाही म्हणे. हे अक्षर मी बुधवारी जळताना पाहिलंय.
ते सांगत होते, मूळ प्रत मिळाली नाही तर कोर्ट धरून चालतं की म्हाताऱ्यानंच मन बदलून फाडली. मग सगळं त्याच्या पुतण्याचं, मावशी रस्त्यावर. पण म्हातारा गेल्यावर ती नष्ट झाली असं कुणी शपथेवर सांगितलं, तर झेरॉक्सवर काम होऊ शकतं. मी मान डोलावली. बोललो काहीच नाही. भित्रा मेला.

१० तारीख, सोमवार
मावशींनी माझा उसवलेला सदरा शिवला. सापडेल रे, जीव नको काढूस म्हणाल्या. राहवलं नाही. सांगून टाकलं, मावशी, मीच जाळलं. त्यांनी दातानं दोरा तोडला आणि विचारलं, आज मुक्यासारखा का बसलायस?

११ तारीख
वकिलांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, काही बोलणार आहेस की नुसता बघणार? लिहून दिलं. कागद उलटसुलट केला. कोरा का देतोस म्हणाले.

१३ तारीख
भर दुपारी आरामखुर्ची कुरकुरली. कुणीतरी बसलंय. कानामागे हात धरून. म्हणालं, मला येतंय ऐकू. पुन्हा सांग.

१४ तारीख
मावशींनी एकच ताट घेतलं. फोनवर वकिलांना म्हणाल्या, पोरगं गेलं निघून, भटकंच ते. मी समोर उभा. दंड धरला त्यांचा — चोळला त्यांनी, गार वारा आलाय म्हणाल्या. खुर्चीतून तेच. पुन्हा सांग. पुन्हा —

१६ तारीख
दाराबाहेर पाऊल पडत नाही. सांगतोय. सकाळपासून त्यालाच. तो हसत नाही, रागावत नाही. फक्त ऐकतो.

१७
पुतण्या आलाय. कागद घेऊन. घरावर हक्क नाही, असं मावशींनी लिहून द्यायचं. कोर्टात कशाला झिजता म्हणतो. मावशी म्हणतात, कुठे करायची सही —
मावशी, नका. मी इथे आहे. मी —
चष्मा लावला त्यांनी.
ओरडतोय. मागून तो — ऐकतोय मी, पुन्हा —
पेन टेकलं. मावशी, मीच जा