तमिळ वहीतली मालगाडी

सर, तुमची वही आज मी देऊन आलो. आपल्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातली तमिळ मंडळी घराघरातून जुन्या वह्या, पत्रं, लग्नपत्रिका गोळा करतात आणि पान-पान स्कॅन करून कम्प्युटरमध्ये ठेवतात, म्हणजे कागद गेला तरी अक्षर राहील. माझ्या शेजारच्या तमिळ बाई बँकेतून सुटल्या की हेच काम करतात. त्यांच्यासोबत तेलीबांधा भागातल्या सभागृहात गेलो होतो. घरी येऊन दोन तास झाले, समोरचा चहा तसाच आहे आणि मी हे पत्र लिहून राहिलो.

तुम्ही रेल्वेच्या शाळेत गणित शिकवायचात आणि मी शेवटच्या बाकावर मराठीच्या पुस्तकातल्या कविता तोंडातल्या तोंडात घोळवत बसायचो. एकदा भूमितीच्या वहीत स्वतःचीच लिहिली. तुम्ही मागून आलात. "कविता से इंजन चलेगा क्या रे?" म्हणालात, पान टर्रकन फाडलंत आणि खिशात घातलंत. सारा वर्ग हसला. पुढे वर्षभर पोट्टे विचारायचे, "काय कविराज, निघालं का इंजन?" त्यानंतर दुसऱ्यांच्या कविता मी खूप पाठ केल्या, स्वतःची एक ओळ लिहिली नाही.

निवृत्त होऊन गावी निघालात त्या दिवशी मला क्वार्टरवर बोलावलंत. मी नुकताच रेल्वेत लागलो होतो. स्वयंपाकघर रिकामं, भांडी पोत्यात बांधलेली, उरलेल्या एका पातेल्यात काकू कॉफी उकळताहेत. तुम्ही ही वही माझ्या हातात ठेवता. "रख लो. किसी से पढ़वा लेना." आत सगळं तमिळ. माझं पान फाडलं आणि आपली वही मला सांभाळायला देऊन राहिले, असं मी मनात म्हटलं. पुढे तुम्ही गेल्याचं कळलं, तरी ती कोणाला दाखवली नाही. आई मात्र दर दसऱ्याला पाटी-पुस्तकांसोबत तिची पूजा करायची. "समजत नाही तं काहून पुजतं?" मी विचारायचो. "अक्षर तं आहे नं, बाप्पा," ती म्हणायची, आणि हळद, कुंकू, पाण्यातून काढलेली ओली फुलं वहीवर वाहायची. तिच्यानंतर मीही तेच करत आलो.

आज बाईंनी वही उघडली तर पुढची अर्धी पानं एकमेकांना चिकटलेली. शाई फुटलेली, सगळं पिवळं-लाल. एक कोपरा सोडवून त्यांनी दोन ओळी कशाबशा वाचल्या. "अंकल, ये तो सर की अपनी कविताएँ थीं! किसने गीली कीं?" मी खाली मान घालून म्हटलं, "हमने पूजा की." तुम्ही कविता लिहायचात, सर? तुम्ही?

मग त्या शेवटच्या पानावर थबकल्या. "लिपि तमिल है, शब्द तमिल नहीं. पता नहीं क्या है, सुनिए." आणि अर्थ न कळता, एकेक अक्षर लावत वाचू लागल्या:

मालगाडी दूर गेली, धूर मागे राहिला,
मी खारूनच्या काठावरून डबा-डबा पाहिला.

आपल्या खारून नदीकाठची ती मालगाडी माझीच होती, भूमितीच्या वहीतली. खाली तमिळमध्ये तुम्ही लिहिलेलं त्यांनी हिंदीत सांगितलं, "लड़के का पन्ना मैंने फाड़ा. अच्छी है. लौटाना है."

म्हणजे त्या दिवशी तुम्ही माझंच मला परत देत होतात. गुढियारीच्या वस्तीत इतकी वर्षं माझ्या भिंतीला भिंत लागून तमिळ घर होतं, सर. वही घेऊन चार पावलं गेलो असतो, तर तुमच्याही कविता वाचल्या असत्या. मी गेलो नाही. आपल्याला वाचता येत नाही, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे राग होता.

बाईंनी त्या शेवटच्या पानाचा फॉर्म भरायला घेतला. "ये कवि लड़का कौन था, कुछ मालूम है?" मला वर्गातलं ते 'कविराज' आठवलं. मी म्हटलं, "नहीं." त्यांनी 'अज्ञात' लिहिलं.

हे पत्र कुठं टाकणार? घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवतो. उद्या बाईंना माझं नाव सांगीन. पण एक कबूल करतो, सर. नाव लागावं म्हणून नाही जात. ती कविता त्या पुन्हा एकदा वाचून दाखवतील, म्हणून जातो.