‘डावा कौल’ कादंबरीच्या शेवटाची व्यवस्था

मी, ज्योतिबा धुळा सरगर, वय बासष्ट, पदार्थविज्ञानाचा सेवानिवृत्त प्राध्यापक, मूळचा जत तालुक्यातला, हल्ली राहणार आष्टा, पूर्ण शुद्धीवर आणि स्वेच्छेने हे लिहून ठेवीत आहे. ‘स्वेच्छेने’ हा शब्द कायद्याला लागतो म्हणून घातला. माणसाला स्वेच्छा असते काय, यावर आमच्या घरात संसारभर वाद झाला. माझी पत्नी बयाबाई गेल्या श्रावणात वारली आणि तो अनिर्णित राहिला.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझा एकुलता मुलगा चि. दादासो, मुक्काम मुंबई, यास मिळावी. दुर्बीण महाविद्यालयास द्यावी. तिचे भिंग कोणीही शर्टाच्या टोकाने पुसू नये.

२. बयाबाईने लिहिलेल्या ‘डावा कौल’ या विज्ञान कादंबरीच्या तीन आवृत्त्या निघाल्या, हे येथे अभिमानाने नोंदवितो. ज्या संपादकांनी ‘बाईंनी पाककृती पाठवाव्यात’ असा शेरा मारून हस्तलिखित परत केले, त्यांस तिसऱ्या आवृत्तीची एक प्रत रजिस्टर टपालाने पाठवावी. पोच अवश्य घ्यावी.

३. आता मुख्य विषय. कादंबरीतील हरणा या मेंढपाळ बाईला एकच दिवस पुन्हा पुन्हा येतो. रोज पहाटे ती बिरोबाला फुले लावून कौल मागते: ढासळलेल्या विहिरीत अडकलेल्या दिराला काढायला जाऊ का? उजवे फूल पडले तर होकार, डावे पडले तर नकार. रोज डावेच पडते. तरी ती जाते, रोज उशीर होतो, आणि सारे आठवत असूनही दुसऱ्या पहाटे ती पुन्हा निघते. येथे पुस्तक संपते.

माझे म्हणणे असे की, त्याच कारणातून तेच कार्य निघते. दिवस तोच, तर तिचे निघणेही ठरलेलेच. त्यावर बयाबाई भाकरी थापता थापता म्हणाली होती, “आवं, कौल देवाचा आसंल, पाय कुणाचं? दमली तर बसंल की ती! बसत न्हाई, हीच तर गोष्ट हाय.” माझे शास्त्रीय मत आजही बदललेले नाही. परंतु त्या शेवटासारखे पान मी दुसरे वाचलेले नाही.

४. मुंबईच्या एका चित्रपट निर्मात्यास ही कथा हवी आहे. मात्र दीर वाचावा आणि सारे स्वप्न ठरावे, अशी त्याची इच्छा आहे. दादासोचा कल तिकडे आहे. “आबा, लोकांना गोड शेवट लागतो,” असे तो म्हणतो. मला तो शेवट साफ नापसंत आहे. वकील श्री. हंबीरराव माने यांनी मसुद्यात अट घातली होती: शेवट बदलल्यास हक्क रद्द. ती अट मी स्वहस्ते खोडली आहे. कादंबरीचे सर्व हक्क दादासोला विनाअट मिळावेत.

त्या वेळी शेजारी कोंडीबा हाके साक्षीला बसले होते. ते उसळून म्हणाले, “आवं सर, पोरगं इकून मोकळं हुईल की! वयनींचं पुस्तक हाय ते!”

मी म्हणालो, “अटीने राखलेला शेवट माझा होईल, कोंडीबा. तिचा राहायचा असेल, तर तो तिच्या मुलाने आपणहून राखला पाहिजे.”

“आन् न्हाई राखला तर?”

“राखील. तो बयाबाईचा मुलगा आहे.”

हे वाचून, समजून सही केली.

ज्योतिबा धुळा सरगर

साक्षीदार:
हंबीरराव गुंडा माने, वकील
कोंडीबा अर्जुना हाके (नाराजीने, पण राजीखुशीने)

मुक्काम आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली
दिनांक ११ फेब्रुवारी १९७७